कॉकाटीलचा पिंजरा: आधी लांबी, मग उंची

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पुण्यात सिंहगड रस्त्यावर चौथ्या मजल्यावर आमचा टू-बीएचके आहे. आम्ही दोघं नोकरी करतो, मुलं शाळेत आणि सासरे घरी असतात. मुलीच्या हट्टाखातर तीन महिन्यांपूर्वी कॉकाटीलचं, म्हणजे तुरा असलेल्या छोट्या पोपटाचं, पिल्लू आणलं. आता ते पाच महिन्यांचं झालंय. दुकानदाराने सोबत गोल घुमटाचा पिंजरा दिला होता, व्यास 14 इंच आणि उंची 20. आता त्याच्या शेपटीची पिसं झिजून फाटलीत, संध्याकाळी तो कर्कश ओरडतो आणि हात आत घातला की चावतो. पिंजरा बदलायचा हे नक्की आहे, पण घरात एकमत नाही. दुकानदार म्हणतो 18 बाय 18 तळाचा आणि 24 उंचीचा एकट्याला भरपूर होईल. यजमानांना तेवढ्याच तळाचा, पण पाच फूट उंच, चाकांचा हवाय, कारण तो कोपऱ्यात बसतो. मला वाटतं 6 बाय 3 फुटांची बाल्कनीच जीआय जाळीने बंद करून त्याला द्यावी. सासरे म्हणतात, वाड्यात आमचा पोपट एवढ्याशा पिंजऱ्यात वीस वर्षं जगला, आणि मोठ्या पिंजऱ्यात पक्षी माणसाळत नाही. शिवाय रोज दोन-तीन तास आम्ही त्याला बाहेर सोडतोच. मग नेमका किती मोठा पिंजरा घ्यावा? आणि जोडीला दुसरा आणला तर ओरडणं थांबेल का?

उत्तर:

तुमच्या घरात चार मतं आहेत, पण त्यांतलं कुणीच अजून पक्षी मोजलेला नाही. सगळे पिंजरा मोजताहेत. तर आधी पक्ष्याचं माप घेऊ.

कॉकाटील चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण 30 ते 33 सेंटीमीटर भरतो, म्हणजे एक फूट किंवा जरा जास्त. त्यातली निम्मी लांबी शेपटीची. पंख पूर्ण पसरले की टोकापासून टोकापर्यंत 12 ते 14 इंच होतात. आता तुमच्या 14 इंची गोल पिंजऱ्यात हे बसवून बघा. मधोमध बसून पंख पसरले तरी टोकं तारांना लागतात आणि वळताना शेपूट प्रत्येक वेळी जाळीवर घासते. पिसं का फाटली याचं उत्तर एवढंच आहे. त्यासाठी टॉनिक लागत नाही, आजार असेल म्हणून घाबरायचंही कारण दिसत नाही. तुटलेलं पीस मात्र दुरुस्त होत नसतं. ते गळून नवं यावं लागतं, आणि कॉकाटीलची पहिली पिसं सहा महिन्यांच्या सुमारास गळायला लागतात. म्हणजे नवी शेपूट यायच्या आत पिंजरा बदललात तर ती शाबूत राहील.

आता दुकानदाराचा 18 इंची पिंजरा. दांड्या पिंजऱ्याच्या पुढच्या बाजूकडून मागच्या बाजूकडे लावल्या आहेत असं धरा. पक्षी पिंजऱ्याच्या लांबीकडे तोंड करून बसतो आणि शेपूट त्याच्या पाठीमागच्या भिंतीकडे जाते. शेपूट घासू नये तर दांडी भिंतीपासून किमान 7 इंच आत हवी. दोन्ही टोकांना अशी एकेक दांडी लावली की 18 इंचांतून 14 गेले. दोन दांड्यांमध्ये उरले 4 इंच. तेवढ्यात उडी काय, पाऊलसुद्धा धड पडत नाही. 24 इंच लांबीत हेच अंतर 10 इंच होतं, तेवढं तो पंख न हलवता टुणकन पार करतो. 36 इंचांत 22 इंच उरतात आणि इथे पहिल्यांदा त्याला पंख मारावे लागतात. म्हणून एका कॉकाटीलला 24 इंच लांबी ही अगदी शेवटची मर्यादा समजा, तीसुद्धा तो दिवसाचा बराच वेळ बाहेर असेल तरच. तुमच्यासारख्या घरात 36 इंच घ्यावी. खोली (पुढून मागचं अंतर) 20 इंच, म्हणजे पंख पसरून दोन्हीकडे थोडी जागा राहते. उंची 27 ते 30 इंच पुरे.

यजमानांच्या पाच फुटी पिंजऱ्याचा हिशेब याहून मजेदार आहे. 18 गुणिले 18 गुणिले 60 केलं की 19,440 घनइंच येतात. 36 गुणिले 20 गुणिले 27 केलं तरी नेमके 19,440 घनइंचच येतात. आतली जागा सारखी, पण एकात पक्षी उडतो आणि दुसऱ्यात चढतो. पोपटाच्या जातीचे पक्षी आडवे उडतात. जागच्या जागी सरळ वर उठणं त्यांना जमतं, पण ते दमवणारं असतं आणि घाबरल्याशिवाय ते तसं करत नाहीत. त्यामुळे उंच, अरुंद पिंजऱ्यात पक्षी वरच्या दीड फुटात राहतो आणि खालची लिफ्टची विहीर फक्त विष्ठा पडायला उरते. बिथरून तो त्या विहिरीत खाली पडला तर मार लागतो तो वेगळाच. जागेचं म्हणाल तर 18 बाय 18 ला सव्वादोन चौरस फूट लागतात आणि 36 बाय 20 ला पाच. भांडण पावणेतीन चौरस फुटांचं आहे, आणि तेही वाया जात नाहीत. अडीच फुटी चपलांच्या कपाटावर किंवा लोखंडी स्टँडवर पिंजरा ठेवला तर खालची जागा वापरात राहते आणि पक्षी माणसाच्या छातीच्या उंचीवर येतो. त्याला तीच उंची सोयीची पडते.

"दोन-तीन तास बाहेर सोडतोच" या वाक्याचाही जरा हिशेब मांडा. रात्रीची 11 तास झोप सोडली तर तो 13 तास जागा असतो. त्यातले तीन बाहेर म्हटले तरी दहा तास आत. परीक्षेचे दिवस, पाहुणे, गावाला जाणं हे धरलं तर सरासरी आणखी खाली येते. बाहेर सोडणं हवंच, ते अजिबात कमी करू नका. पण पिंजऱ्याचं माप ठरवताना चांगला दिवस धरायचा नसतो. तुम्ही दोघं उशिरा घरी येता आणि मुलांना क्लास असतो, तो दिवस धरायचा.

सासऱ्यांच्या मुद्द्याला मी उडवून लावणार नाही, कारण तो अर्धा खरा आहे. लहान पिंजऱ्यात हात घातला की पक्ष्याला पळायला जागा नसते, म्हणून तो हातात येतो. पण पळायला जागा नसलेल्या पक्ष्याकडे दुसरा एकच मार्ग उरतो, चावण्याचा. तो तुम्ही रोज अनुभवताय. माणसाळणं दाराशी होतं. दार उघडून हात बाहेरच धरायचा, बोटांत राळ्याचं कणीस धरायचं आणि तो स्वतः येईपर्यंत थांबायचं. पहिले काही दिवस तो येणार नाही. मग मान लांब करून एक दाणा घेईल, मग एक पाय हातावर ठेवेल. हात मागून किंवा वरून कधीच न्यायचा नाही, कारण वरून येणारी गोष्ट म्हणजे पक्ष्याच्या लेखी घार. यासाठी दार मोठं हवं, किमान 8 बाय 8 इंच, म्हणजे हातावर बसलेला पक्षी तुरा न वाकवता बाहेर येतो. दुकानातल्या बहुतेक पिंजऱ्यांना वर सरकणारं छोटं दार असतं. कॉकाटील ते चोचीने उचलायला शिकतो आणि मान अडकून बसते. असं दार असेल तर त्याला क्लिप किंवा छोटा स्प्रिंगचा हूक लावल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

वाड्यातला पोपट वीस वर्षं जगला हेही खरं असेल. आपल्याकडचा हिरवा पोपट चांगल्या सांभाळात वीस-तीस वर्षं जगू शकतो. मात्र तो जगला यावरून पिंजरा पुरेसा होता असं ठरत नाही. आणि सासऱ्यांना एवढं मात्र सांगा की तो पोपट आज घरात ठेवता येणार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कंठवाला पोपट, राघू आणि आपल्याकडचे बाकीचे रानपोपट पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. कॉकाटील ऑस्ट्रेलियातला आणि पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढवलेला, म्हणून त्याला ही बंदी नाही. पण पिंजऱ्याबद्दल कायदा त्यालाही लागू होतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं कलम 11 म्हणतं, की प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या कमी उंची, लांबी आणि रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. तिन्ही मापं तिथे वेगवेगळी मोजलेली आहेत. यजमानांना हे वाचून दाखवायला हरकत नाही.

आता तुमची बाल्कनी. सहा फूट लांबी म्हणजे पक्ष्याला मेजवानीच, त्याबद्दल वाद नाही. पण चोवीस तासांचं घर म्हणून ती देऊ नका. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा 10 अंशांच्या खाली जातो आणि एप्रिल-मेमध्ये 40 च्या आसपास पोचतो. बाल्कनी पश्चिमेची असेल तर दुपारी दोननंतर तिथे सावलीही तापते आणि जून ते सप्टेंबर पावसाची झड थेट आत येते. त्याहून मोठी अडचण वरून येते. पुण्यातल्या कोणत्या बाल्कनीवर कबुतरं बसत नाहीत? त्यांची विष्ठा आणि धूळ जाळीतून आत पडते आणि कबुतरांचे आजार पोपटवर्गीय पक्ष्यांना होऊ शकतात. डासांमधून पक्ष्यांमधला देवीचा रोग पसरतो. रात्री उंदीर आणि मांजर, दिवसा जाळीतून चोच घालणारे कावळे. बाल्कनी द्यायचीच असेल तर कुणी घरी जागं असताना दोन-चार तास उडायची जागा म्हणून द्या, वर पक्कं छत करा, अर्धा भाग सावलीत ठेवा आणि झोपायला घरातला पिंजरा. घरात आणि बाल्कनीत सरकतं दार असेलच. त्याच्या आत जाड पडदा लावला की दुहेरी दाराचं काम होतं, म्हणजे कुणी आत-बाहेर करताना पक्षी भुर्रकन निसटत नाही. चौथ्या मजल्यावरून उडालेला पाळीव पक्षी सहसा परत सापडत नाही. दोन्ही करायला बजेट नसेल तर आधी घरातला पिंजरा करा.

बाल्कनी जीआय जाळीने बंद करायची म्हणता, तिथे थांबा. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. कॉकाटील दिवसभर तारा चावतो, चोचीने तारांवरून चढतो. नव्या जाळीवरचे जस्ताचे थेंब आणि दमटपणाने येणारी पांढरी भुकटी पोटात गेली की जस्ताची विषबाधा होते. पक्षी खूप पाणी पितो, विष्ठा पाण्यासारखी होते, उलटी करतो, मलूल होतो, दांडीवर तोल जातो. यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या, "उन्हाळा लागला असेल" म्हणून थांबू नका. व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन तारेच्या ब्रशने जाळी घासायची, भरपूर पाण्याने धुवायची आणि उन्हात वाळवायची, ही सूचना सगळीकडे मिळते. तिने सुटे थेंब आणि भुकटी जाते, थर जात नाही. त्यामुळे पक्ष्याची चोच पोचणार नाही अशा बाहेरच्या कामाला जीआय वापरा, आतल्या बाजूला नको.

सगळ्यात चांगलं म्हणजे एसएस 304 ची, म्हणजे 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची, वेल्डेड जाळी, अर्धा बाय अर्धा इंच, तार दीड ते दोन मिलिमीटर. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाळीच्या दुकानांतून चौकशी करा, आणि "स्टेनलेस" एवढंच न विचारता ग्रेड विचारा आणि बिलावर लिहून घ्या. 202 ग्रेड स्वस्त पडतं आणि पावसाळ्यात लवकर गंजतं. लोहचुंबक लावून 202 आणि 304 ओळखता येत नाही, दोन्हींना तो जवळजवळ चिकटतच नाही. स्टीलचं बजेट नसेल तर चांगल्या पावडर कोटिंगचा लोखंडी पिंजरा चालतो. शिशाविरहित पावडर आहे ना हे विचारा आणि कोटिंगचा पोपडा निघू लागला की भाग बदला. घरी ऑइलपेंट मारणं मात्र टाळाच. तयार पिंजरा घेत असाल तर तारांमधलं मोकळं अंतर स्वतः मोजा. कॉकाटीलला ते 12 ते 16 मिलिमीटर हवं. 20-25 मिलिमीटरच्या तारांतून डोकं बाहेर जातं आणि कानशिलाशी अडकतं, पक्षी धडपडतो आणि मान मोडते. निदान दोन बाजूंच्या तारा आडव्या असाव्यात, उभ्या तारांवर त्याला चढता येत नाही, घसरतो. घुमटाकृती पिंजऱ्यात वरच्या टोकाला तारा एकमेकींजवळ येत जातात आणि त्या चिमट्यात नख नाही तर बोट अडकतं. आकार कितीही देखणा असला तरी नको.

फॅब्रिकेटरकडून करून घेत असाल तर त्याला दोन गोष्टी आधी सांगा, कारण तो खिडक्यांची ग्रिल करणारा माणूस आहे, पिंजरे करणारा नव्हे. एक, बाजू सुट्या हव्यात, हूक किंवा बोल्टने जोडता येतील अशा. पुढे धुताना तुम्ही त्याला दुवा द्याल. दोन, वेल्डिंगचे सगळे सांधे आतून घासून गुळगुळीत हवेत. ताबा घेताना जुना सुती मोजा हातात घालून प्रत्येक सांध्यावरून फिरवा. धागा जिथे अडकला तिथे उद्या पक्ष्याचा पाय अडकणार. ती जागा तिथल्या तिथे ग्राइंड करून घ्या, "नंतर करून देतो" ऐकू नका.

तळाला जाळी आणि तिच्याखाली दोन इंच तरी खोल असा सरकता ट्रे. ट्रेमध्ये वर्तमानपत्र घाला, रोज बदला. रोज बदलताना विष्ठेचा रंग आणि पाणी दिसतं, हा खरा फायदा. भुसा किंवा लाकडाचा चुरा घातला की ते दिसत नाही आणि पावसाळ्यात बुरशी धरते.

दांड्यांकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. पिंजऱ्याबरोबर येणाऱ्या प्लास्टिकच्या किंवा गुळगुळीत गोल दांड्या सगळ्या एकाच जाडीच्या असतात. पायाचा ताण रोज त्याच जागी पडतो आणि तळव्याला लालसर घट्टे पडतात, पुढे ते चिघळतात. सॅंडपेपरची खोळ घालून नखं घासली जातील ही कल्पना तर विसराच, नखं तशीच राहतात आणि तळवा सोलतो. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फांद्या घ्या, 15 ते 20 मिलिमीटर जाडीच्या, जरा वेड्यावाकड्या. बोटांनी फांदीला दोन तृतीयांश वेढा पडला पाहिजे, पुढची आणि मागची नखं एकमेकांना भिडायला नकोत. सोसायटीच्या बागेतली फांदी असेल तर फवारणी कधी झाली ते माळीदादांना विचारा. घासून धुवा, चार दिवस कडक उन्हात ठेवा. कण्हेर आणि रुई चुकूनही नको, दोन्ही विषारी आहेत. वरच्या तिसऱ्या भागात दोन टोकांना एकाच पातळीवर दोन दांड्या लावा, छतापासून 7 इंच खाली, म्हणजे तुरा लागत नाही. तिसरी खाली, वाट्यांजवळ. वाट्या स्टीलच्या आणि कुठल्याही दांडीच्या थेट खाली नकोत.

आणि मग येतो तो मोह. पिंजरा मोठा आणला की मुलं झोपाळा, आरसा, घंटा, शिडी, दोरखंड असं सगळं त्यात भरतात आणि 22 इंचांची वाट पुन्हा 4 इंचांवर येते. एका वेळी तीन खेळणी पुरेत, तीही कडेला, आठवड्याने बदलून. दोन वरच्या दांड्यांमधली हवा रिकामीच राहिली पाहिजे. मुलांना ते समजत नसेल तर दर रविवारी पट्टी घेऊन अंतर मोजायचं काम मुलीलाच द्या.

पिंजरा ठेवाल कुठे? हॉलमध्ये, एक बाजू भिंतीला टेकलेली, जिथे माणसांची ये-जा दिसते पण पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट लागत नाही. स्वयंपाकघरात नको, त्याच्या दाराशीही नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत मरतो. एअर फ्रायरच्या भांड्यांनाही बऱ्याचदा तोच थर असतो. उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल त्याच खोलीत लावू नका. सासऱ्यांना दम्याचा त्रास असेल तर ही गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी की कॉकाटीलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते, त्यामुळे पिंजरा त्यांच्या खोलीत नको आणि रोज ओल्या फडक्याने पुसून घ्या. बाहेर सोडताना छताचा पंखा बंद. नुसता मंद करून चालत नाही.

कॉकाटील रात्री दचकून अंधारात फडफडतो आणि तारांवर आपटतो, ही या जातीची खोडच आहे. म्हणून रात्री पिंजऱ्याला तीन बाजूंनी सुती कापड टाका, एक बाजू उघडी ठेवा आणि खोलीत झिरोचा बल्ब राहू द्या. गणपतीत ढोल-ताशा आणि दिवाळीत फटाके खिडकीखालीच वाजणार असतील तर त्या रात्री पिंजरा आतल्या खोलीत न्या. म्हणून स्टँडला चाकं असावीत, आणि चाकांना ब्रेकही.

नव्या पिंजऱ्यात त्याला एकदम कोंबू नका. तयार झालेला पिंजरा जुन्याच्या शेजारी तीन-चार दिवस ठेवा, आत त्याच्या ओळखीच्या वाट्या आणि एक जुनी दांडी. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी हलवा, म्हणजे दिवसभर कुणीतरी लक्ष ठेवायला असतं आणि अंधार पडायच्या आत त्याला दांड्या पाठ होतात. पहिला दिवस तो एका कोपऱ्यात गप्प बसेल, त्याची काळजी नको. खातोय ना एवढंच बघा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा यासाठी उत्तम, पण त्याच्यासाठी वेगळा ठेवा. सकाळी खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. कॉकाटील साधारण 80 ते 110 ग्रॅमचा असतो. त्याच्या नेहमीच्या वजनात दहा टक्के घट झाली, म्हणजे 90 चा 81 झाला, तर डॉक्टर. पिसं फुगवून बसलेला पक्षी बाहेरून गुबगुबीत दिसतो, काटा फसत नाही.

आता ओरडणं. पिंजरा बदलल्याने चावणं कमी होईल, शेपूट सुधारेल. संध्याकाळचं ओरडणं पूर्ण थांबणार नाही, आणि ते थांबावं अशी अपेक्षाही करू नका. दिवस मावळताना थवा गोळा करण्यासाठी हे पक्षी साद घालतात आणि तुमच्या घरात थवा म्हणजे तुम्हीच. तुम्ही घरी आल्याबरोबर शीळ घालून उत्तर दिलंत, तर दहा मिनिटांची साद दोन मिनिटांत संपते. ओरडल्यावर धावत जाऊन पिंजरा उघडलात तर मात्र पुढच्या वेळी तो वीस मिनिटं ओरडेल. हे तो फार लवकर शिकतो.

दुसरा पक्षी आणल्याने हा प्रश्न सुटेल असं वाटत नाही. दोघं मिळून ओरडतील हीच शक्यता जास्त. सोबत हवी म्हणून आणायचाच असेल तर आधी याच्याशी मैत्री जमू द्या, नाहीतर तो नव्यात रमेल आणि तुमच्याकडे पाहणारही नाही. नवा पक्षी 30 दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या वाट्यांसह ठेवा, आधी त्याला हाताळून मग याला हात लावू नका. दोघांसाठी लांबी 48 इंच आणि खोली 24 हवी, आणि पहिले काही आठवडे दोन पिंजरे शेजारी शेजारी. नर-मादी निघाले तर आत घरट्याची पेटी, अर्धी करवंटी किंवा कुठलाही अंधारा कोपरा ठेवू नका. कोवळ्या वयात अंडी घालायला लागलेल्या मादीचं अंडं अडकून जीव जाऊ शकतो. तेव्हा दुसऱ्याचा विचार वर्षभर तरी पुढे ढकला, मुलीने कितीही नाक फुगवलं तरी.

हाच प्रश्न वेगळ्या पक्ष्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी थोडी मापं. बजरीगर एकटा असेल तर 24 बाय 18 बाय 18 इंच, जोडी असेल तर लांबी 30 ते 36, तारांमधलं अंतर 12 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. लव्हबर्डच्या जोडीला 30 बाय 20, तारा तेवढ्याच जवळ पण जाड, कारण चोच फार तिखट. सन कॉन्यूरला कॉकाटीलइतकीच 36 इंच लांबी, खोली 24, तारांमधलं अंतर 16 ते 19 मिलिमीटर. आफ्रिकन ग्रेचे पंख पसरल्यावर 18 ते 20 इंच होतात, त्याला 36 बाय 24 चा तळ ही सुरुवात समजा, 48 लांबी असेल तर उत्तम, उंची तीन ते चार फूट, तारांमधलं अंतर 19 ते 25 मिलिमीटर आणि तार चार मिलिमीटर. पातळ तार तो एका दुपारी वाकवतो.

ज्यांच्या घरी आजही हिरवा रानपोपट आहे त्यांनी मला पिंजऱ्याचं माप विचारू नये. त्याला खिडकीतून उडवूनही देऊ नये, माणसाच्या हातून खाऊन वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही, कावळे त्याला तासाभरात घेरतात. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. कॉन्यूर, ग्रे, मकाव असे परदेशी पक्षी असलेल्यांना 2024 च्या नियमांनुसार 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉकाटील, बजरीगर आणि साध्या लाल-पीच चेहऱ्याच्या लव्हबर्डला ती लागत नाही, पण विकत घेतल्याची पावती मात्र त्यांचीही जपून ठेवा.